घरासमोर कँग: ट्रीहाउस ऑफ हॉररमधला एलियन बनवतानाच्या नोंदी

14 सप्टेंबर 2024, शनिवार

यंदा हॅलोवीनला न्यू जर्सीतल्या आमच्या घरासमोर कँग बसवायचा असं ठरलंय. सिम्प्सन्स न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. या अमेरिकन कार्टूनचा दरवर्षी एक हॅलोवीन स्पेशल असतो, ट्रीहाउस ऑफ हॉरर नावाचा, त्यात तीन छोट्या गोष्टी असतात आणि बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या भुताखेतांच्या नाहीतर परग्रहवाल्या कथेची टिंगल. पहिला भाग 25 ऑक्टोबर 1990 ला लागला, त्यात बार्ट आणि लिसा ही सिम्प्सन घरातली भावंडं झाडावरच्या खोपटात बसून एकमेकांना घाबरवणाऱ्या गोष्टी सांगतात म्हणून ट्रीहाउस, पुढे ते झाडबिड गायब झालं पण नाव तेच राहिलं. त्याच भागातल्या दुसऱ्या गोष्टीत कँग आणि कोडोस पहिल्यांदा येतात. हिरवे, एकच डोळा, तोंडातून लाळ, डोक्यावर काचेचा डोम, खाली सोंडा. नावं दोन्ही जुन्या स्टार ट्रेक मालिकेतून उचललेली आहेत.

कँगच का, तर एक म्हणजे दोघं सारखेच दिसतात त्यामुळे एक बनवला की काम भागतं. आणि दुसरं म्हणजे हे निवडणुकीचं वर्ष आहे. 1996 च्या स्पेशलमध्ये हे दोघं त्या वर्षीचे खरे उमेदवार क्लिंटन आणि डोल यांचं रूप घेऊन अध्यक्षपदाला उभे राहतात, उघडे पडतात, तरी लोक म्हणतात दोनच पक्ष आहेत, मत कोणाला तरी द्यावंच लागणार, आणि कँग निवडून येतो. शेवटी सगळे गुलाम होऊन राबत असताना बार्ट-लिसाचा बाप होमर म्हणतो, मला दोष देऊ नका, मी कोडोसला मत दिलं होतं. त्या वाक्याची पाटी मला लॉनवर हवीये. गल्लीत आत्ताच दोन्ही बाजूंच्या पाट्या लागल्यात, त्यांच्या मध्ये ही खपून जाईल.

आज फक्त चित्र काढलं आणि एक पारदर्शक छत्री आणली, ती घुमटासारखी खोल असते ती, डोमसाठी. 16 डॉलर.

15 सप्टेंबर

छत्री बाद. दांडा कापला, उलटीसुलटी करून बघितली, पण आतल्या काड्या लांबूनही दिसतात आणि काड्या काढल्या की प्लास्टिक लुळं पडतं. आतून वायरचं कडं लावून बघितलं तर सुरकुत्या. अख्खा रविवार त्यात गेला.

मग बायकोने मागच्या अंगणात बोट दाखवलं. पक्ष्यांच्या दाण्यांवर खारी चढू नयेत म्हणून वर जो पारदर्शक प्लास्टिकचा घुमट टांगतात तो. 18 इंच व्यास, 28 डॉलर, मधल्या भोकात बूच मारलं की झालं. आणि खाली 18 इंची कुंडीची प्लास्टिकची ताटली, तिच्या काठात डोम बरोब्बर बसतो, तीच कँगची कॉलर. हे काम करणार असाल तर आधी डोम मिळवा आणि मग बाकीची मापं ठरवा. मी 30 इंचाच्या डोक्याचं चित्र काढून बसलो होतो, ते आता 15 इंचावर आणलं.

21 सप्टेंबर

डोकं. रबरी बॉलवर कागदाचे थर द्यायचे, वाळले की बॉलची हवा सोडून काढून घ्यायचा. जुनी फ्लायर्स भरपूर होती. मैद्याची खळ शिजवली आणि पट्ट्या लावत गेलो.

सासूबाई सध्या आमच्याकडे आल्यात सांगलीहून. त्या तासभर खुर्चीत बसून बघत होत्या, मग म्हणाल्या, "अहो, यात मेथ्या नाही घातल्या?" त्यांच्या लहानपणी घरात कागद भिजवून, कुटून, त्यात मेथ्या वाटून लगदा करायचे आणि जुन्या सुपांना टोपल्यांना लिंपायचे, मेथीने चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही. मी म्हटलं इथे कोण बघतंय कीड. तरी त्यांनी संध्याकाळी अर्धी वाटी मेथ्या भिजत घातल्याच.

24 सप्टेंबर

बुरशी. आतल्या बाजूला, बॉल आणि कागदाच्या मध्ये, राखाडी ठिपके आणि वास. कारण सरळ आहे, एकाच दिवशी मी सात-आठ थर चढवले आणि गॅरेजचं दार बंद ठेवलं. वरून कडक लागत होतं, आत ओलं. सगळं फेकून दिलं.

28 सप्टेंबर

परत सुरू, या वेळी सासूबाईंच्या हाताखाली. पद्धत अशी: कागद रात्रभर गरम पाण्यात, सकाळी मिक्सरमधून (जुना मिक्सर, बायकोने नव्याला हात लावू दिला नाही), फडक्यातून घट्ट पिळून घ्यायचा, त्यात भिजवलेल्या मेथ्यांची बारीक पेस्ट आणि पांढरा गोंद. मेथी वाटली की ती जी बुळबुळीत होते ना, तीच लगद्याला धरून ठेवते, नुसता गोंद घातलेला गोळा बॉलवरून घसरत होता आणि हा जागेवर बसला. थर पाव इंचापेक्षा जाड नाही. एक थर, पंखा लावून दोन दिवस, मग दुसरा. सासूबाई बोटं पाण्यात बुडवून अशा सफाईने कडा मिटवतात की माझ्या अर्ध्या भागात आणि त्यांच्या अर्ध्या भागात फरक दिसतोय. मी माझी बाजू मागे करणार आहे.

गॅरेजमध्ये आता मेथीच्या लाडवांचा वास येतो, गाडीत पण शिरलाय.

5 ऑक्टोबर

डोकं वाळलं, बॉल निघाला, टणक झालंय, टिचकी मारली की आवाज येतो. ओठ, वरची पापणी आणि दोन टोकदार कान वेगळे करून चिकटवले. डोळा म्हणजे थर्माकोलचा अर्धा गोळा.

सोंडांसाठी स्विमिंग पूलमधल्या फोमच्या लांब नळ्या घेतल्या, सीझन संपला म्हणून 9 डॉलरमध्ये सहा मिळाल्या. आतून जाड वायर घातली की हवं तसं वळवता येतं. पण या फोमवर रंग धरत नाही, थेट रंगवलेली सोंड वाकवली तर सगळा रंग खपल्या होऊन खाली. उपाय: आधी मास्किंग टेप तिरका गुंडाळायचा, त्यावर पातळ कागद आणि गोंदाचा एक हात, मग रंग. सहा सोंडांना टेप गुंडाळायला मुलीला बसवलं, प्रति सोंड दोन डॉलर मजुरी ठरली, तिने पाचवीनंतर भाव वाढवला.

रंगाचं प्रकरण जरा वेगळं. टीव्हीवरचा हिरवा, फोनवरचा हिरवा आणि लॅपटॉपवरचा हिरवा हे तीन वेगळे हिरवे आहेत. वर जुने भाग सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पानांवर, हाताने रंगवलेले, नंतर सगळं कॉम्प्युटरवर गेलं, त्यामुळे 1990 चा कँग आणि आत्ताचा कँग यांच्यातही फरक. मी फोनवरचं चित्र दाखवून डबा मिसळून घेतला, ओला असताना छान, वाळल्यावर पालक पनीर. 21 डॉलरचा डबा होता. दुसऱ्या वेळी शहाणपणाने छोटे सँपलचे डबे घेतले, पुठ्ठ्यावर लावून वाळवले, रात्री बाहेर दिव्याखाली नेऊन बघितले आणि सगळ्यात फिका, जवळजवळ पोपटी वाटणारा निवडला. रात्रीच्या दिव्यात कुठलाही रंग एक पायरी गडद दिसतो.

6 ऑक्टोबर

दोन हात रंग देऊन झाला आणि तरी ते कँग वाटेना. नुसता हिरवा गोळा. मी अजून सुरकुत्या, शेडिंग वगैरे करायला लागलो तर आणखी बिघडलं, मग रबरचं सापाचं खेळणं असतं तसलं काहीतरी दिसायला लागलं. मुलगी शाळेच्या चित्रकलेच्या वहीतला काळा मार्कर घेऊन आली आणि पापणीच्या कडेने एक जाड रेघ ओढली. तेवढ्याने झालं! सपाट कार्टूनमधली गोष्ट तीन बाजूंनी बनवायची तर शेडिंग काढून टाका, एकच रंग, मॅट, आणि जिथे जिथे दोन भाग मिळतात तिथे अर्ध्या इंचाची काळी रेघ. बुबुळ म्हणजे पांढऱ्यावर एक काळा ठिपका, बास, त्यात चमकबिमक काही नाही.

सिम्प्सन्सवाल्यांनी स्वतः 1995 च्या स्पेशलमध्ये होमरला तीन मितींत नेलं होतं तेव्हा त्यांनाही कॉम्प्युटर ॲनिमेशनसाठी पॅसिफिक डेटा इमेजेस या कंपनीची मदत घ्यावी लागली. आमच्याकडे मार्कर.

12 ऑक्टोबर, दसरा

सकाळी ड्रिल, ग्लू गन आणि कटर देव्हाऱ्यापुढे मांडून हळदकुंकू वाहिलं. सासूबाईंनी कँगच्या डोक्यालाही हळद लावायला घेतली होती, रंग ओला म्हणून थांबवलं.

दुपारी थडगी. सुरुवातीच्या स्पेशलमध्ये पहिल्या दृश्यात कॅमेरा स्मशानातून जातो आणि प्रत्येक थडग्यावर एक विनोद असतो. तसली चार करायची म्हणून भिंतीत घालतात तो गुलाबी फोमचा 2 इंची बोर्ड आणला, 4 बाय 8 फूट, 42 डॉलर. करवतीच्या पात्याने छान कापला जातो. कापून झाल्यावर घाईघाईत राखाडी स्प्रे पेंट मारला आणि माझ्या डोळ्यांदेखत थडगं खाली बसलं, पृष्ठभागावर खड्डे, कडा वितळून गेल्या. स्प्रेमधलं सॉल्व्हंट हा फोम खातं. आधी ब्रशने साध्या पाण्याच्या रंगाचे दोन हात द्यायचे, पूर्ण झाकायचं, मगच स्प्रे, आणि तोही लांबून. वितळलेलं मात्र टाकलं नाही, ते सगळ्यात जुनं थडगं म्हणून मागे लावलं आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात भारी दिसतंय.

मजकूर: "वर्क फ्रॉम होम, 2020 ते 2023". "माझं डाएट, 1 जानेवारी ते 3 जानेवारी". तिसरं मराठीत, "इथे पार्किंग मिळेल". चौथ्याला काही सुचेना. सिम्प्सन्सचे लेखकही पाचव्या स्पेशलपर्यंत दमले होते, 1994 च्या त्या भागात त्यांनी 'विनोदी थडगी' याच गोष्टीचं थडगं दाखवून विषय संपवला. आम्ही चौथं कोरं ठेवलंय.

19 ऑक्टोबर

जोडणी. जाळीच्या तारेचा पिंप, त्यात वाळूची पिशवी वजनाला, त्यावर ताटली, ताटलीवर डोकं, वर डोम. संध्याकाळी दिवे लावून बघितले आणि अर्ध्या तासात डोम आतून पांढरा, वाफ धरली. डोक्यात अजून ओल होती आणि आतल्या एलईडी पट्टीने ती बाहेर काढली. बंद डोममध्ये जाणार कुठे. ताटलीला मागच्या बाजूने सहा भोकं पाडली, जुन्या कॉम्प्युटरमधला 12 व्होल्टचा छोटा पंखा काढून तळाशी लावला, अडॅप्टर जुन्या राउटरचा. आता वाफ नाही. पंख्याची थोडी घरघर ऐकू येते, ती यानाच्या इंजिनाची समजायची.

दुसरं म्हणजे दिव्याची जागा. भीतीदायक दिसायला खालून फ्लडलाइट मारतात हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून मी तसाच लावला, तर पापणीची सावली कपाळावर आणि काळ्या रेघा सगळ्या त्यात गडप. ज्याला सपाट दिसायचंय त्याला समोरून, डोळ्याच्या उंचीवरून, सरळ प्रकाश लागतो. फ्लडलाइट लेटरबॉक्सच्या खांबाला बांधला तेव्हा कँग परत कँग झाला.

20 ऑक्टोबर

लाळ. ग्लू गनचा गोंद बेकिंगच्या सिलिकॉन चटईवर ओघळांसारखा सोडायचा, गार झाल्यावर सोलून ओठाला चिकटवायचा. सोपं काम, तासात झालं. लांबी वेगवेगळी ठेवा, सारखी ठेवली तर झालर वाटते.

कँगच्या एका सोंडेत पुठ्ठ्याचं पुस्तकही दिलंय. पहिल्या भागात लिसाला यानात एक पाककृतींचं पुस्तक सापडतं, वरवर माणसांना शिजवण्याचं, फुंकर मारली की धूळ उडते आणि नाव बदलतं, परत फुंकर, परत बदलतं. ट्वायलाइट झोन या जुन्या टीव्ही मालिकेच्या 1962 च्या एका भागावरची टिंगल आहे ती, तिथे पुस्तक खरंच माणसं शिजवण्याचं निघतं, इथे बिचारे एलियन जेवायला घालत असतात आणि लिसाच्या संशयापायी सगळ्यांना परत यावं लागतं. मला या सगळ्या स्पेशलमधला हा विनोद अजूनही पहिल्या नंबरचा वाटतो.

26 ऑक्टोबर

बाहेर मांडलं. या ऑक्टोबरात जर्सीत पाऊस जवळजवळ नाहीच, वणव्याच्या भीतीने बाहेर आग पेटवण्यावर निर्बंध आहेत. कागदी कँगला हे हवामान झकास, पण भोपळ्यांत मेणबत्त्या नकोत, सगळीकडे बॅटरीचे दिवे.

फुटपाथवर गुडघ्यावर बसून बघितलं, म्हणजे पाच वर्षांच्या पोराच्या उंचीवरून, तर कँग आकाशात बघत होता. ताटलीखाली मागून लाकडाची पाचर सारली, आता बरोब्बर पोरांकडे बघतो.

आवाज: मोशन सेन्सर आणि छोटा स्पीकर. कँग आणि कोडोस कशावरही उगाच लांबलचक हसत सुटतात, तसं हसू हवं होतं. माझं रेकॉर्ड केलं ते खोकल्यासारखं आलं. बायको हसली ती गोड. सासूबाईंना म्हटलं तुम्ही करा, तर आधी पदर तोंडाला लावून नको नको, मग एकदम जे काही पोटातून हसल्या की मुलगी खोलीबाहेर पळाली. तेच ठेवलं, फक्त पट्टी थोडी खाली आणली.

सेन्सर रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला हसत होता, रात्री आठपर्यंत आम्हीच कंटाळलो. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याची नळी सेन्सरच्या तोंडावर बसवली, त्याने त्याचं बघणं अरुंद झालं, आता फक्त पायवाटेवर आलेल्यालाच पकडतो.

29 ऑक्टोबर

कोडोसची पाटी लावून तीन दिवस झाले. समोरचे आजोबा आज मुद्दाम रस्ता ओलांडून आले, पाटीकडे बघत विचारलं हा कोडोस कोण, टाउनशिपच्या कौन्सिलला उभा आहे का, शाळेच्या टॅक्सबद्दल त्याचं म्हणणं काय. मी सांगितलं तो परग्रहावरचा आहे आणि हरला. ते म्हणाले मग बाकीच्यांपेक्षा बरा असेल.

31 ऑक्टोबर

यंदा अमावास्येच्या हिशोबाने इथलं लक्ष्मीपूजन आजच संध्याकाळी, हॅलोवीनच्या दिवशीच. पोर्चवर आकाशकंदील, पायरीवर रांगोळी, बाजूला कँग. पूजा साडेपाचलाच उरकून घेतली कारण सहापासून पोरं येणार.

हवा विचित्र होती, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी जवळपास 80 फॅरनहाइट. दुपारच्या उन्हात डोम तापला आणि लाळेचे ओघळ ओठापासून सुटून खाली घसरले, दोन तर ताटलीपर्यंत आले. दिसायला आधीपेक्षा चांगलं! तसंच राहू दिलं. पण ऊन पडणाऱ्या जागी ठेवणार असाल तर गोंदाच्या आत एक बारीक तार घाला.

पोरांपैकी कँग कोण हे फार थोड्यांना माहीत होतं, ओळखला तो त्यांच्याबरोबर आलेल्या बापांनी. एक जण कोपऱ्यावरून ओरडतच आला आणि पाटीसोबत फोटो काढून गेला. लहान पोरांना सासूबाईंचं हसू पुरलं. एक राजकन्या रडली, तिला दोन चॉकलेटं जास्त. भारतीय घरातल्या पोरांना चॉकलेटसोबत चकली पण दिली, मग बाकीच्यांनीही मागितली, साडेसातला डबा रिकामा.

रांगोळीवरून मात्र सगळ्या गल्लीचे पाय गेले. ती पायवाटेपासून बाजूला काढायला हवी होती.

3 नोव्हेंबर

काल सगळं आत आणलं. आज सिम्प्सन्सचा यंदाचा 35 वा हॅलोवीन स्पेशल लागला, हॅलोवीन होऊन गेल्यावर. नवीन नाही हे, 2000 नंतर बरीच वर्षं फॉक्स या त्याच चॅनेलवर ऑक्टोबरात बेसबॉलची वर्ल्ड सिरीज असायची म्हणून हे स्पेशल नोव्हेंबरातच यायचे. 2005 च्या भागात तर सुरुवातीलाच कँग आणि कोडोस बेसबॉलला कंटाळून सामना फास्ट करतात आणि त्यात विश्वच संपवतात.

हिशोब: डोम 28, बोर्ड 42, हिरवे रंग सगळे मिळून 39, काळा-राखाडी-स्प्रे 24, जाळी 12, फोमच्या नळ्या 9, गोंद आणि टेप 22, सेन्सर आणि स्पीकर 19, वाया गेलेली छत्री 16, मुलीची मजुरी 13. एकूण 224 डॉलर. मेथ्या घरातल्या. पालक पनीर रंग आणि छत्री वगळली तर 190 च्या आत बसेल.

सोंडा सुट्या करून पिशवीत भरल्यात, डोम धुऊन परत पक्ष्यांच्या दाण्यांवर गेला कारण खारींनी महिनाभर मजा केली. डोकं बेसमेंटमध्ये, जमिनीपासून वर, फळीवर, आत सिलिकाच्या पुड्या टाकून. पाटी 5 तारखेपर्यंत, म्हणजे मतदानाच्या दिवसापर्यंत, लॉनवर राहील. समोरच्या आजोबांनी ती नंतर मागितलीये.